चिलटाएवढं भोक

९ ऑक्टोबर २०१२

घरी बोलायला कोणी नाही, आणि संशोधन केंद्रात बोललेलं संध्याकाळच्या आत संचालकांच्या कानावर जातं. म्हणून लिहायला घेतलंय.

आज सान फाउस्तोची फेरी. नदी इतकी आटली आहे की होडीतून उतरल्यावर दीडशे पावलं चिखल तुडवावा लागतो. त्या चिखलात माशांची आतडी, कोंबडीची पिसं, पोरांचे लंगोट, सगळं असतं. बारा वर्षं झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारोदार विचारायचं, "ताप आहे का कुणाला?" असेल त्याचा दंड आवळायचा, सुई टोचायची, लाल बुचाची नळी भरायची, बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि इकितोस शहरात, केंद्रात आणून द्यायची. मला बघितलं की बाया एकमेकींना हाका मारतात, "वटवाघूळ आलं गं, दंड झाका!"

आमचे संचालक डॉक्टर आर्रोस्पिदे म्हणतात, डेंगीची इतकी वर्षं सलग नोंद असलेलं दुसरं गाव सापडणार नाही. "एल्बिता, हे सगळं तुझ्या पायांवर उभं आहे." बरं वाटतं ऐकायला, एल्बियाचं लाडानं एल्बिता झालेलंही. पायांची अवस्था त्यांनी बघितलेली नाही.

गावची सुईण सेबेरिना, वयाचा मान म्हणून सगळे तिला दोन्या म्हणतात, दारात बसून मासातो करत होती. म्हणजे उकडलेला कसावा तोंडात घालायचा, चावायचा आणि परत परातीत थुंकायचा. मग ते आंबवून लोक पितात. माझी आईही करायची. मी शहरात गेल्यापासून तोंडाला लावत नाही. म्हातारीनं वाडगा पुढे केला. मी मान हलवली.

"का गं, कुठल्या राणीच्या पोटी जन्मलीस?" म्हणाली. मग म्हणाली, "यंदा पोटं टिकत नाहीत, बाई. हाडं मोडणारा ताप येतो आणि पंधरा दिवसांत पोट रिकामं. तुमच्या त्या नळ्यांत काही दिसतं का?"

"डेंगी असता तर दिसला असता, दोन्या."

"डेंगीचं नाही विचारलं."

हिचं नेहमीचंच. नखांत बोटभर काळं. या हातांनी मुलं बाहेर काढते आणि मग विचारते, पोटं का टिकत नाहीत.

१२ ऑक्टोबर

मार्लितकडे गेले होते. तिच्या थोरलीचा बाप्तिस्मा माझ्या मांडीवर झाला, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत, दुसरा महिना. मला फार आनंद झाला.

पण आत जाऊन बघते तर काय, जुनी मांजरपाटाची मच्छरदाणी टांगलेली! मार्चमध्ये केंद्रानं गावभर नव्या वाटल्या, औषध लावलेल्या, पांढऱ्याशुभ्र, जाळीच्या. मी स्वतः घरोघर बांधून दिल्या आणि जुनी मांजरपाटं गोळा करून काठावर जाळली. ती म्हणजे कापडाची बंद खोली. आत घामाचा, धुराचा, मुताचा वास, कडांना बुरशी. मार्लितनं ही एक लपवून ठेवली होती.

"कोमाद्रे, जाळीतून मांता ब्लांका आत येते," ती म्हणाली. मांता ब्लांका म्हणजे इथली चिलटं, धड डोळ्यांना दिसतही नाहीत. "रात्रभर अंग नुसतं पेटतं."

"चिलट चावून कोणी मरत नाही. डेंगी डासानं होतो," मी म्हटलं, आणि हातानंच ओढून काढली. तिनं दोऱ्या सोडून दिल्या. परतताना मी ती नदीत फेकली. हात तीनदा धुतले तरी चिकट वाटतच होते.

१९ ऑक्टोबर

आज पायवाल्यांवर देखरेख. पाच माणसं गुडघ्यापर्यंत विजार वर करून दिवेलागणीला काठावर बसतात. अंगावर काय बसतं ते चावायच्या आत काचेच्या नळीनं ओढून बाटलीत सोडायचं. चावलंच तर चावलं. डॉक्टर यांना स्वयंसेवक म्हणतात. त्यातला एक म्हणाला, "आम्ही गळाला लावलेली गांडुळं, सेन्योरिता." मला हसू आलं नाही. ते सुजलेले, खाजवून फुटलेले पाय बघून जेवणावरची वासनाच उडाली.

पूर्वी फक्त डास ठेवायचो. ऑगस्टपासून डॉक्टरांनी चिलटंही वेगळ्या बाटलीत राखायला सांगितली आहेत. का, ते विचारलं नाही. मोठ्या माणसांची एकेक हौस.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला सान फाउस्तोच्या स्मशानात गेले. गवत वाढलेलं, मेणाचा आणि सडक्या फुलांचा वास. कुंपणाच्या कडेला पाच नवे पांढरे क्रूस होते, वीतभर उंचीचे, नावं नसलेले. हगवण असणार. पाणी उकळून प्या म्हणून किती वेळा सांगायचं या लोकांना. दोन्या सेबेरिना त्या क्रुसांपाशी फतकल मारून बसली होती. तिची कोण, देव जाणे. मी दुसऱ्या बाजूनं निघून आले.

१६ नोव्हेंबर

मार्लितला ताप. डोकं फुटतंय, पाठीची हाडं मोडतायत म्हणते. डोळ्यांना उजेड सहन होत नाही. रक्त घेतलं. नस सापडेना, दोनदा टोचावं लागलं. ती म्हणाली, "कोमाद्रे, तुझा हात कधी चुकत नाही." आज चुकला.

२० नोव्हेंबर

निकाल आला. डेंगी नाही. फेरीत सगळ्यांत आधी तिच्याकडे सांगायला गेले.

"मग काय आहे?"

"काही नाही. साधा ताप."

"पोटाला काही?"

"काही नाही म्हटलं ना."

तिनं मला केळी उकडून घातली. दोघी हसलो.

४ डिसेंबर

आज जे ऐकलं ते जसंच्या तसं लिहिते.

प्रयोगशाळेतला विर्हिलियो, मशीनवर विषाणू ओळखणारा, दुपारी मी फेरीहून परतून डबा खात होते तिथे माझ्याजवळ येऊन बसला. एरवी हा माणूस दर वाक्याला विनोद करतो. आज नुसता केळीच्या पानातला भात चिवडत बसला होता.

"एल्बिया, सान फाउस्तोचे डेंगी नसलेले नमुने आहेत ना, त्यांतल्या एकतीस जणांत दुसराच विषाणू आहे. आपल्याकडे पूर्वी कधी न आलेला."

"कधी कळलं?"

"पहिला ऑगस्टमध्ये."

मी डबा बंद केला. त्यानं सांगितलं की डॉक्टरांनी नमुने परदेशी पाठवले, तिथूनही तेच उत्तर आलं. लेख लिहून तयार होतोय. छापून येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही असा हुकूम आहे.

"त्या एकतीसांत नऊ बायका पोटुशा होत्या," तो म्हणाला. "पाच जणींचं पोट पडलं. आता ते म्हणतात, आणखी गरोदर बायका शोधा, आकडा लहान आहे."

मी नंबरांची यादी मागितली. त्यानं इकडेतिकडे बघून फोनवर दाखवली. नावं नसतात, फक्त नंबर. पण ते नंबर नळ्यांवर मीच चिकटवते. शेवटून दुसरा मार्लितचा.

५ डिसेंबर

डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी कॉफी मागवली.

"एल्बिता, त्यांनी सह्या दिल्यात त्या डेंगीच्या तपासणीसाठी. या विषाणूचं उत्तर देऊ असं आपण कधी म्हटलेलंच नाही."

"पण डॉक्टर, पोटं पडतायत."

"पडतायत हे तू म्हणतेस. नऊ बायकांवरून काही सिद्ध होत नाही. तीस झाल्या तर बोलता येईल."

"तीस होईपर्यंत वाट बघायची?"

"वाट नाही बघायची. नोंद करायची." हे ते हसून म्हणाले. "आणि सांगून काय करणार? औषध नाही, लस नाही. नुसती घबराट होईल. बातमी फुटली तर दुसरा कोणीतरी आपल्या आधी छापून मोकळा होईल. तुझी बारा वर्षं पाण्यात."

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी दारापर्यंत पोचते न पोचते तोच बाटलीतलं वासाचं औषध तळव्यावर घेऊन हात चोळले. तो लिंबाचा वास मला इतकी वर्षं आवडायचा. आज जिना नाक दाबून उतरले.

११ डिसेंबर

चिलटांच्या बाटल्यांतही तोच विषाणू सापडलाय, विर्हिलियो म्हणाला. त्याला माझा चेहरा दिसला असावा, कारण तो लगेच उठून गेला.

मी आमच्या मच्छरदाणीचा एक तुकडा कापला आणि भिंगाखाली ठेवला. त्यावर चिमट्यानं एक मेलेलं चिलट ठेवलं. जाळीच्या चौकटीत ते किती लहान दिसत होतं! टेबलाला माझा गुडघा लागला आणि ते भोकातून खाली पडलं. दुसरं ठेवलं. तेही पडलं.

मांजरपाटातून पडलं असतं का, ते बघावंसं वाटलं. पण मांजरपाट आणणार कुठून? गावातलं सगळं मीच जाळलं.

मला काय माहीत होतं? माझं काम सांगितलं तेवढं करायचं.

मार्लितनं सांगितलं होतं. जाळीतून आत येते, असं तिनं तोंडानं सांगितलं होतं.

१४ डिसेंबर

फेरी झाली. सात नळ्या. मार्लितच्या घरावरून गेले, आत गेले नाही. तिनं हाक मारली. उशीर झालाय म्हटलं.

२१ डिसेंबर

केंद्राचा नाताळचा समारंभ. प्रत्येकाला गोड पावाचा डबा आणि पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं पत्र. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि टाळ्या झाल्या. मी पत्रावर सही केली. घरी आल्यावर पाव कापला, दोन घास खाल्ले. स्वतःचीच शिसारी आली. तरी उरलेला पाव टाकून दिला नाही, झाकून ठेवला. हेही लिहून ठेवते.

२८ डिसेंबर

खालच्या टोकाच्या एनितकडे मी पोचले तेव्हा दारात बाया जमल्या होत्या. पाचवा महिना होता तिचा. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा मीच रक्त घेतलं होतं, मीच म्हणाले होते, साधा ताप.

दोन्या सेबेरिना पाठमोरी बसून काम करत होती. शेजारी ॲल्युमिनियमची परात, त्यावर फडकं. वास आला. रक्ताचा वास मला नवा नाही, पण नळीतल्या रक्ताला वास नसतो. म्हातारीनं मान न वळवता विचारलं, "कोण आहे दारात? उजेड अडवू नका." मग मला बघून म्हणाली, "तू होय. आता कशाला? आता इथे दंडातून घ्यायला काही उरलं नाही."

मी होडीपर्यंत गेले आणि काठावर ओकले. बर्फाची पेटी तिथेच चिखलात पडली होती. बर्फ वितळला, दिवसभराचे नमुने वाया गेले. जाऊ देत.

३० डिसेंबर

रविवार. फेरीचा दिवस नव्हता. पहिल्यांदाच पेटी न घेता सान फाउस्तोला गेले आणि दोन्या सेबेरिनाच्या पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. ऑगस्टपासूनचं. मच्छरदाण्यांचंही.

ती बराच वेळ कसावा चावत राहिली.

"मी ऑक्टोबरात काय विचारलं होतं?"

"नळ्यांत काही दिसतं का."

"तू काय म्हणालीस?"

"डेंगी असता तर दिसला असता."

"मग मी काय म्हणाले?"

"डेंगीचं नाही विचारलं."

"लक्षात आहे म्हणजे. मग तेव्हा कानात काय बोळे घातले होतेस?"

त्या नंबरांवरून मी केलेली नावांची यादी काढली. एनित धरून सहा झाल्या म्हटलं. ती म्हणाली, "अकरा." बोटांवर नाही मोजलं तिनं. गावाच्या वरच्या टोकापासून घरं घेत आली, एकेक दार, एकेक बाई, कितवा महिना, कुठल्या सणाच्या आसपास. सहाही बरोबर सांगितल्या. उरलेल्या पाच कुठल्या, मी विचारलं.

"ज्यांनी तुला दंड दिला नाही त्या. तुझ्या कागदावर नाहीत म्हणून काय त्या पोटुशा नव्हत्या?" मग म्हणाली, "एनितचा धरून क्रूस सहाच आहेत. बाकीची क्रूस लावण्याएवढी झाली नव्हती."

त्या दिवशी स्मशानात ती कोणासाठी बसली होती ते मला तेव्हा कळलं.

तिनं वाडगा पुढे केला. मी प्यायले. आंबट, कोमट, मध्येच एखादा तंतू. घशाशी आलं.

"ओकायचं तर बाहेर जा," ती म्हणाली. मी गिळलं.

४ जानेवारी २०१३

आज गावाच्या सभेच्या छपरात सगळ्यांना सांगितलं. साठएक बाया, थोडे पुरुष. विषाणूचं सांगितलं, चिलटांचं सांगितलं, जाळीचं सांगितलं. मीच बांधली, मीच जाळलं, हेही सांगितलं. धन्यवाद कोणी दिले नाहीत. का द्यावेत?

एकीनं विचारलं, "आमचं रक्त आहे कुठं आता?"

"इकितोसला, फ्रीजरमध्ये. थोडं परदेशात."

"बघा! माझं रक्त विमानात बसून आलं, आणि मी अजून इकितोसचा बाजार ओलांडला नाही." हशा झाला. मग एकदम हसू थांबलं आणि आरडाओरडा सुरू झाला. कोणीतरी चप्पल फेकली. खांद्याला लागली.

एनित पुढे आली. चेहरा पिवळा, छातीला दूध उतरून झग्यावर दोन ओले डाग. बाळ नाही आणि दूध मात्र येतंय. ती म्हणाली, "नवरा म्हणतो, मी नदीवर एकटी जाते, ते पोट बुफेओचं होतं, म्हणून पडलं." बुफेओ म्हणजे नदीतला गुलाबी डॉल्फिन. तो माणसाचं रूप घेऊन बायकांना नादी लावतो, असं इथे मानतात. "ते चिलटाचं होतं ना? माझी चूक नव्हती ना? मग त्याच्यासमोर सांग."

नवरा खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघून सांगितलं, "चिलटानं झालं. तिनं काही केलेलं नाही. मूल तुझंच होतं." तो बाहेर जाऊन होडीच्या कडेवर बसला. थोड्या वेळानं एनित जाऊन त्याच्या शेजारी बसली. बारा वर्षांत मी या गावात कुणाच्या उपयोगी पडले असेन तर ते एवढंच.

मार्लित शेवटच्या बाकावर होती.

"माझा नंबर आहे का त्यात?"

"आहे."

"तुला कधीपासून माहीत?"

"एक महिना."

"महिनाभर तू माझ्या दारावरून जात होतीस." ती पोटावर हात ठेवून उठली. मी तिच्यामागे गेले. म्हणाली, "शहरात जाऊन पोटाची तपासणी करून घेईन. नवऱ्याबरोबर. तू येऊ नकोस." कोमाद्रे म्हणाली नाही.

९ जानेवारी

केंद्राच्या दारावर पहारेकऱ्यानं पांढरा कोट आणि किल्ली मागून घेतली. डॉक्टर खाली आले नाहीत, वर बोलावलं.

"तू विश्वासघात केलास, एल्बिया." एल्बिता नाही.

"कुणाचा?"

त्यांनी कामावरून काढल्याचा कागद पुढे केला. मी सही केली. बारा वर्षांत त्यांच्याकडच्या कुठल्याच कागदावर सही करायला मी मागेपुढे पाहिलेलं नाही. विर्हिलियो जिन्यात भेटला. म्हणाला, "मला दोन मुलं आहेत गं." मी म्हटलं, ठाऊक आहे. त्याचा राग येत नाही. महिनाभर मीही गप्पच होते, आणि मला तर मुलंही नाहीत.

१९ फेब्रुवारी

शिलाईचं यंत्र होडीतून सान फाउस्तोला आणलं. बायकांच्या मंडळानं मांजरपाटाचे तागे मिळवले. दिवसाला चार मच्छरदाण्या होतात. पोटुशा बायकांच्या आधी. कापडाला कांजीचा वास येतो, बोटं फाटली आहेत. कोणी फार बोलत नाही माझ्याशी, पण दुपारी कोणीतरी पानानं झाकलेला भात ठेवून जातं. मार्लितनं तिची मच्छरदाणी दोन्या सेबेरिनाच्या हातून नेली.

आज डॉक्टर स्वतः आले. नव्या सुईवालीला घेऊन, दोन होड्यांनी. सभेच्या छपरात पाऊण तास बोलले. मानवजात, विज्ञान, सान फाउस्तोचं नाव जगात. समोर बाया हाताची घडी घालून बसल्या होत्या. दोन्या सेबेरिना म्हणाली, "आधी नेलेलं आमचं काय झालं ते सांगा, मग नवं मागा."

"निकाल गोपनीय असतात, सेन्योरा."

"कुणापासून?"

"सगळ्यांपासून."

"आमचंच रक्त, आमच्यापासून?"

नव्या सुईवालीच्या पेटीत संध्याकाळी एकही नळी नव्हती. बर्फ मात्र भरपूर होता. त्या बिचारीनं जाताना मला विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं यांना कसं पटवलंत?" मी म्हटलं, "पटवलं कुठे? मी विचारलंच नाही कधी."

३ मे

विर्हिलियोनं छापून आलेला लेख पाठवला. गर्भ पडलेल्या बायका: सहा. बाकीच्या पाच जगाच्या पाठीवर कुठेच नाहीत. मच्छरदाण्यांचा उल्लेख एका ओळीत, 'वापर उत्तम'. शेवटी आभार. त्यात माझं नाव, 'गावाशी असलेल्या जिव्हाळ्याबद्दल'. दोन्याला वाचून दाखवलं तेव्हा ती नदीत थुंकली. मीही थुंकले.

१४ मे

काल मार्लितला मुलगी झाली. मला आज दुपारी कळलं, दोन्याकडून. रडली जोरात, डोकं भरलेलं आहे, दूध ओढते. "पण आत काय आहे ते मला नखानं थोडंच कळतं," ती म्हणाली. मी शिवत राहिले. पूर आला आहे, घराखालून पाणी जातंय, त्यात काय काय वाहतंय ते बघायचं नाही असं ठरवलंय.

१७ मे

मार्लितनं बोलावणं पाठवलं. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून एक तरुण डॉक्टरीण आली होती. तिला बाळाच्या टाचेतून रक्त हवं होतं. मार्लित बाळाला छातीशी धरून मांजरपाटाच्या आत बसली होती. कापड थोडं बाजूला करून तिनं माझ्याकडे बघितलं.

"देऊ?"

बारा वर्षांत दोन हजार वेळा तरी मी लोकांना म्हटलं असेल, द्या. हे कधी कोणी विचारलं नव्हतं.

"कशाला हवंय ते तिला विचार," मी म्हटलं. "कधी सांगणार, कुणाला सांगणार, ते लिहून घे. मग तुझं तू ठरव."

तिनं विचारलं. सगळं विचारलं, दोन-दोनदा. डॉक्टरीण चिडली नाही. तिनं कागदावर नंबर लिहिला होता, तो मार्लितनं खोडायला लावला आणि बाळाचं नाव लिहायला लावलं. नाव अजून ठरलं नव्हतं, ते तिथेच ठरलं. मिलाग्रितोस. मग पाय पुढे केला. टोचताना बाळ किंचाळलं. मार्लितनं डोळे मिटले नाहीत. मी मिटले.

३१ मे

निकाल आला. डॉक्टरीण स्वतः घेऊन आली, पाकिटावर मिलाग्रितोसचं नाव. मी मार्लितच्या घरी मच्छरदाणीचा फाटलेला कोपरा शिवत होते. सवयीनं माझा हात पुढे गेला. मार्लितनं पाकीट स्वतःकडे घेतलं.

ती चौथीपर्यंत शिकली आहे. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत, कागद वरपासून खालपर्यंत वाचला. समजलं नाही ते डॉक्टरिणीला विचारलं. मी सुई हातात धरून बसले होते, दोरा ओवायचं भान नव्हतं. मग ती उठली, नवऱ्याजवळ गेली, त्याच्या कानाशी बोलली. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सासूला सांगितलं. थोरलीला उचलून घेऊन सांगितलं. दोन्या सेबेरिना पायरीवर होती, तिथे जाऊन सांगितलं, म्हातारीनं छातीवर क्रूस केला.

सगळ्यांत शेवटी माझ्यासमोर आली.

"तिच्या रक्तात नाही," म्हणाली. "कानांची, डोळ्यांची तपासणी करत राहायला सांगितलंय. पण नाही."

मला काही बोलायचा हक्क आहे असं वाटलं नाही. तिनं कागदाची घडी करून झग्यात ठेवली, चुलीवरच्या हंडीचं झाकण काढून बघितलं, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"जेवून जा."